विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय : प्राध्यापकांनी तो कसा वाचावा?

महाविद्यालयात परीक्षा कोणाची होते, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : विद्यार्थ्याची. परंतु गेल्या काही वर्षांत या व्यवहाराला दुसरी बाजूही आली आहे. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याच्या हाती एक कागद दिला जातो आणि आपल्याला शिकविणाऱ्या प्राध्यापकांविषयी मत लिहा, असे सांगितले जाते. कागदावर नाव लिहावयाचे नसते. तो कागद पुढे कोठे जातो, तो कोण वाचतो आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याच हाती पडला तर त्याने काय करावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण-तरुणी आज वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथे शिकवीत आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक मुले-मुली तेथे शिकत आहेत. म्हणून हा विषय प्रस्तुत स्मरणिकेत मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

ही पद्धत आली कोठून ते थोडक्यात सांगतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या मूल्यमापनाची पद्धत खुली व सर्वांच्या सहभागाची असावी, असे म्हटले होते. १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगलोर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘नॅक’, स्थापन केले आणि महाविद्यालयांच्या कपाटांत ‘विद्यार्थी अभिप्राय’ नावाची फाईल दिसू लागली. २०१७ च्या नॅकच्या आराखड्यात तर विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी एकवीस प्रश्नांची यादीच आली. पहिला प्रश्न अभ्यासक्रम किती शिकवून झाला हा. त्यानंतर प्राध्यापक तयारी करून येतात काय, त्यांना नीट समजावून सांगता येते काय, अंतर्गत गुण देताना न्याय होतो काय, असे पुढे. वीस प्रश्नांना पर्याय दिलेले आणि एकविसाव्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत तीन सूचना लिहावयाच्या. आमच्या मते सगळा जीव त्या एकविसाव्या प्रश्नात आहे, आणि वाचला जात नाही तोही नेमका तोच. वीस प्रश्नांचे रंगीत तक्ते निघतात. एकविसाव्याचा गठ्ठा सुतळीने बांधला जातो.

असा एक गठ्ठा आपल्याच जिल्ह्यातील एका तरुण प्राध्यापकांच्या हाती लागला. त्यांचे व महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. ते कला शाखेत अर्थशास्त्र शिकवितात, तेही तासिका तत्त्वावर. नॅकची समिती येणार म्हणून फायली लावण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि कपाटातील एका फाईलमध्ये मागील वर्षाचे, त्यांच्याच वर्गाने त्यांच्याविषयी लिहिलेले बेचाळीस कागद निघाले. वर्षभर ते त्यांना कोणी दाखविले नव्हते. कागदांवरचा मजकूर त्यांनी एका वहीत उतरवून घेतला आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर ती वही आम्हा तिघा-चौघांसमोर ठेवली. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “एवढे शिकवून पोरांनी हे लिहावे?” एवढेच ते म्हणाले.

बेचाळीसपैकी सत्तावीस कागदांवर ‘चांगले’, ‘छान’, ‘सर चांगले शिकवितात’ यापलीकडे काही नव्हते. पंधरांवर मजकूर होता. सहा जणांनी लिहिले होते की सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, मागे ऐकू येत नाही. चौघांची तक्रार एस.टी.ची : शेवटचा तास सुटेपर्यंत गावाची गाडी निघून जाते. दोघांनी म्हटले होते की सर पुढच्या दोन बाकांनाच प्रश्न विचारतात. एकाने लिहिले होते, ‘सर पुस्तकातली मराठी बोलतात, समजते पण आपली वाटत नाही.’ एका कागदावर ‘सरांना काही येत नाही’ असे होते. आणि शेवटच्या कागदावर फक्त तीन शब्द : ‘कोट्यातून आलेले सर’. या तीन शब्दांनी त्यांची दोन रात्रींची झोप उडाली होती. बाकीचे एकेचाळीस कागद त्यांच्या मनातून जणू पुसून गेले होते. ज्यांनी असे काही आयुष्यात सोसले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

येथे आपल्या परंपरेतील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते, हे आपण जाणतो. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना विनंती करतात की माझ्या हातून काही चूक झालेली तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल तर सांगा. ही विनंती वयाने सर्वांत लहान असलेला भिक्खू प्रथम करीत नाही. प्रथम ज्येष्ठ थेर करतात, नंतर क्रमाने धाकटे. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात स्वतः तथागत पाचशे भिक्खूंसमोर बसून विचारतात की माझ्या वागण्यात वा बोलण्यात तुम्हाला काही दूषणास्पद वाटते काय. उत्तर सारिपुत्त देतात, आणि मग स्वतःविषयी तेच विचारतात. विनयाच्या महावग्गात शिष्याची कर्तव्ये सांगताना असेही आले आहे की उपाध्याय बोलत असता मध्ये बोलू नये. पण ते दोषाच्या जवळ जाईल असे काही बोलत असतील तर शिष्याने त्यांना आवरावे. गुरूविषयी बोलणे म्हणजे गुरूचा अपमान, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे. ती या ग्रंथांतून आलेली नाही.

मज्झिमनिकायातील वीमंसकसुत्त तर या प्रश्नाला थेट हात घालते. शिष्याने तथागतांची परीक्षा कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती ज्याला नाही त्याने डोळ्यांनी जे दिसते आणि कानांनी जे ऐकू येते त्यावरून पारख करावी. तसेच, दिसणारा गुण दीर्घकाळाचा आहे की नुकताच आलेला, हेही पाहावे. म्हणजे दोन कसोट्या झाल्या : डोळा-कान ही एक आणि काळ ही दुसरी. विद्यार्थ्यांचे अभिप्राय वाचताना याहून उपयोगी कसोट्या आम्हाला तरी सापडलेल्या नाहीत.

पहिल्या कसोटीवर ते पंधरा कागद लावून पाहू. ऐकू येत नाही, गाडी निघून जाते, पुढच्याच बाकांना विचारतात, पुस्तकी बोलतात. हे तेरा कागद डोळ्यांनी पाहिलेल्या व कानांनी ऐकलेल्या गोष्टींचे आहेत, आणि अशा गोष्टींचा विद्यार्थ्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. मागच्या बाकावर ऐकू येते की नाही हे प्राध्यापक, प्राचार्य किंवा नॅकची समिती सांगू शकणार नाही. ‘सरांना काही येत नाही’ हा कागद मात्र वेगळा आहे. प्राध्यापकाला अर्थशास्त्र किती येते हे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला डोळ्या-कानांनी कळण्याजोगे नाही. तेथे त्याची साक्ष धरता येत नाही. फार तर त्यातून एवढे घ्यावे की त्याला काही समजले नाही. आणि पंधरावा कागद वर्गाविषयी नाहीच. तो लिहिणाऱ्याच्या घरात काय बोलले जाते ते सांगतो.

ऐकू न येण्याची तक्रार करणारे सहा जण बसतात कोठे, हेही आम्ही विचारले. ते शेवटच्या तीन बाकांवर बसतात. आणि शेवटच्या बाकांवर कोण बसते? सकाळची पहिली एस.टी. चुकली की दुसरीने येणारी, खेड्यावरची, उशिरा पोहोचणारी मुले. म्हणजे घरातून महाविद्यालयात आलेली पहिली पिढी. ज्यांना सर्वांत अधिक ऐकू यावयास हवे, त्यांच्यापर्यंतच आवाज पोहोचत नव्हता.

आता त्या सत्तावीस ‘चांगल्यां’विषयी. प्राध्यापक महाशय त्यावर थोडे समाधानी होते. आम्ही नव्हतो. ज्या मुलाला घरी, शेतावर, मालकाच्या दारात कधी कोणी त्याचे मत विचारले नाही, त्याच्या हाती एकाएकी कागद दिला तर तो काय लिहील? शिवाय अक्षर ओळखले जाईल ही भीती असते आणि अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात असतात. अशा वेळी ‘चांगले’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मी काही सांगत नाही’ एवढाच असतो. टक्केवारी काढणारा मात्र त्याला समाधानी विद्यार्थ्यांत मोजतो.

भाषेचाही प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी हा छापील कागद इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी प्रश्न न वाचताच शेवटच्या रकान्यात खुणा करीत जातो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्धा शहरात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव तेथे झाला. त्या परिषदेतून निघालेल्या नयी तालीम योजनेविषयी, विशेषतः हस्तोद्योगावरील तिच्या भराविषयी, आपल्या समाजात मतभेद होते व आजही आहेत. त्यात येथे शिरत नाही. पण ज्या जिल्ह्यात हा ठराव झाला तेथे मुलांना आपले मत तरी आपल्या भाषेत लिहिता यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी कसोटी काळाची. येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आठवते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, वेतन दरमहा साडेचारशे रुपये, नेमणूक तात्पुरती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या प्राध्यापकांना आरंभी विद्यार्थ्यांनी गांभीर्याने घेतले नाही. हा अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकविणार, हीच भावना होती. काही सहकारी प्राध्यापकांनी तर सार्वजनिक माठातील पाणी त्यांनी घेण्यास हरकत घेतली. परंतु त्यांची तयारी व विवेचन पाहून थोड्याच काळात चित्र पालटले आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागले. मार्च १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. आता कल्पना करा की रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या वर्गाकडून लेखी अभिप्राय घेतला असता आणि त्यावरून नेमणूक ठेवावी की नाही हे ठरविले असते! प्राध्यापक तेच होते, ज्ञान तेच होते. बदलला तो वर्ग.

बाबासाहेबांनी विद्यार्थी म्हणून आपल्या शिक्षकांविषयी लिहिलेलेही उपलब्ध आहे. १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल व जेम्स हार्वे रॉबिन्सन या प्राध्यापकांची गणना आपल्या आयुष्यातील उत्तम मित्रांत केली. कोलंबियातील वास्तव्य १९१३ ते १९१६ चे. म्हणजे हा अभिप्राय चौदा वर्षांनी आलेला आहे. ड्यूई यांचे वक्तृत्व फारसे आकर्षक नव्हते, असे त्यांच्या इतर विद्यार्थ्यांनी नमूद केले आहे. सत्राच्या शेवटी वाटलेल्या कागदावर त्यांना किती गुण पडले असते कोण जाणे.

अमेरिकेत विद्यार्थ्यांकडून प्राध्यापकांना गुण देण्याची पद्धत शंभर वर्षांची आहे. पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२० च्या दशकात अशी गुणपट्टी तयार केली. त्यामुळे तिचे दोषही तेथे अधिक अभ्यासले गेले आहेत. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ नाव देऊन तज्ज्ञ म्हणून उभे करण्यात आले. विषयाचे ज्ञान नसताना त्याने हसतखेळत, परस्परविरोधी विधाने करीत व्याख्यान दिले आणि श्रोत्यांनी, जे स्वतः मानसशास्त्र व शिक्षण क्षेत्रातील जाणते होते, त्याला चांगले गुण दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग उत्तर कॅरोलायनातील. अभ्यासक्रम असा होता की शिक्षक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसतच नव्हते. एक पुरुष व एक स्त्री अशा दोन शिक्षकांनी प्रत्येकी एका गटाला आपल्या नावाने आणि दुसऱ्या गटाला एकमेकांच्या नावाने शिकविले. गृहपाठ सर्वांना एकाच वेळी तपासून परत दिले. तरी वेळेवर काम करण्याबद्दल पुरुषाच्या नावाला पाचपैकी ४.३५ आणि स्त्रीच्या नावाला ३.५५ गुण पडले. विद्यार्थी अवघे ४३ होते, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण ज्यांच्या नावावरून किंवा आडनावावरून लोक आधीच मत बनवितात, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. २०१८ मध्ये टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठातील वादात लवादाने असा निर्णय दिला की पदोन्नती व कायम नेमणूक ठरविताना शिकविण्याची परिणामकारकता मोजण्यासाठी विद्यार्थ्यांचे हे गुण वापरू नयेत.

आपल्याकडे हा धोका कोणाला आहे? कायम प्राध्यापकाचे अशा कागदाने फारसे काही बिघडत नाही. परंतु नेट-सेट उत्तीर्ण होऊन, काही तर पीएच.डी. करूनही, वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करणारे आपले तरुण आहेत. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. ज्याला पुढील वर्षी बोलवावयाचे नाही त्याच्यासाठी फाईलमधील एक वाईट कागद पुरेसे निमित्त ठरतो, आणि तो कागद त्याला दाखविलाही जात नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : अभिप्राय ज्याच्याविषयी आहे त्याने तो सर्वांत आधी वाचला पाहिजे, आणि नेमणुकीच्या निर्णयासाठी केवळ त्याचा आधार घेऊ नये. पण या धोक्यापोटी विद्यार्थ्यांना विचारूच नये, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. बोलण्याची संधी मिळविण्यासाठी ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या झगडावे लागले, त्याच्याच प्राध्यापकांनी मुलांच्या हातातील कागद काढून घ्यावा, हे कसे शोभेल?

त्या प्राध्यापकांना आम्ही जे सुचविले ते इतरांच्याही कामी येईल. महाविद्यालयाची फाईल तिच्या जागी राहू द्या. तुम्ही स्वतः सत्राच्या मध्यावर, म्हणजे सुधारणेला वेळ असताना, कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. ‘माझ्याविषयी मत लिहा’ असे म्हणू नका. डोळ्या-कानांचे तीन प्रश्न मराठीत फळ्यावर लिहा : तुम्ही बसता तेथून काय दिसत नाही किंवा ऐकू येत नाही? मागील पंधरा दिवसांतील कोणता भाग समजला नाही? तासाच्या वेळेची काय अडचण आहे? अंतर्गत गुण त्यापूर्वी जाहीर करून टाका. चिठ्ठ्या गोळा करण्याचे काम एखाद्या विद्यार्थिनीकडे द्या आणि त्या वेळी वर्गाबाहेर थांबा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्याच तासाला पाच मिनिटे काढून उत्तर द्या : हे मी बदलतो, हे माझ्या हाती नाही, हे मला पटत नाही. ज्याला एकदा उत्तर मिळाले तो दुसऱ्या वेळी ‘चांगले’ लिहून सुटत नाही.

‘कोट्यातून आलेले सर’ याला काय उत्तर द्यावे, यावर आमच्यातच बरीच चर्चा झाली. अक्षर ओळखून मुलाला गाठावे, असे एकाचे म्हणणे होते. ते आम्ही मान्य केले नाही, कारण एकदा अक्षर शोधले की पुढच्या वर्षी बेचाळीसच्या बेचाळीस कागद ‘चांगले’ येतील. वर्गात संतापून बोलावे, हेही पटले नाही. शेवटी ठरले ते असे. ते अर्थशास्त्रच शिकवितात. सार्वजनिक आयव्यय हा विषय अभ्यासक्रमात आहेच. त्या प्रकरणाच्या वेळी बाबासाहेबांचा १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध वर्गात न्यावा, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे हे दाखवावे आणि त्यातील विवेचन शिकवावे. जातीविषयी अवाक्षर काढू नये. त्यांनी तसे केले. तो मुलगा कोण हे त्यांना आजही ठाऊक नाही.

एस.टी.च्या चार चिठ्ठ्या त्यांनी विभागप्रमुखांना दाखविल्या आणि पुढील सत्राच्या वेळापत्रकात तो तास दुपारी बाराच्या आत आला. दिवाळीपूर्वी त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. या वेळी नुसते ‘चांगले’ लिहिणारे अकराच होते. एकाने लिहिले होते, ‘आता मागे ऐकू येते, पण पंखा बंद केल्यावरच.’

एक बाजू मात्र अजून कोणत्याच कागदावर येत नाही. आपल्या जिल्ह्यात ऑक्टोबरपासून सोयाबीनची कापणी व पुढे कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्ग ओस पडू लागतात. नंतर काही मुले परत येतात, काही येत नाहीत. अभिप्राय त्या दिवशी हजर असलेल्यांचाच घेतला जातो. ज्याला वर्गात काहीच समजले नाही म्हणून किंवा गाडीभाडे परवडत नाही म्हणून शिक्षण सुटले, त्याला वर्गाविषयी जे सांगावयाचे आहे ते विचारण्यास कोणी जात नाही. महाविद्यालयाला त्याचे घर ठाऊक नसते. आपल्या वस्तीतील कार्यकर्त्यांना असते. येत्या जानेवारीत विहाराच्या अभ्यासवर्गातील चौघांनी आपापल्या गावात महाविद्यालय सोडलेल्या मुला-मुलींची नावे काढावीत, फळ्यावरचे तेच तीन प्रश्न त्यांना घरी जाऊन विचारावेत, आणि उत्तरे नावे न घालता त्या-त्या महाविद्यालयातील आपल्या प्राध्यापकांच्या हाती द्यावीत, असे ठरले आहे. ज्यांना या कामात यावयाचे असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर भेटावे.